नवा तक्ता

दादा,

बाबांचे डोळे कसे आहेत, असं तू फोनवर विचारतोस आणि मी "ठीक" म्हणते. लांबून विचारायला तुझं काय जातं!

जन्मभर याच दुकानात त्यांनी लोकांचे डोळे तपासले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे, म्हणून आज मी गुपचूप नवा लावला. त्यांनी जुनाच घडाघडा म्हणून दाखवला. पाठ असलं की आपल्याला दिसतंच आहे असं माणसाला वाटतं. वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "सगळं बरोबर, बाबा."

निघताना दाराची कडी चाचपत ते म्हणाले, "नव्या कागदाचा वास येतोय गं. दादाला मात्र ठीकच सांग."

तर दादा, ठीक आहेत.

तुझी धाकटी