शेलूबाजारचं दुकान वैभवीचं, गणेशचं नाही

आणि वरून तू म्हणतो की पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचा धंदा आता संपला, दुकान धनराज मोबाइलवाल्याले भाड्यानं देऊन टाकू. गणेशभाऊ, फोनवर तू मले बोलूच देत नाही. म्हणून कागदावर लिहितो. इथं तुले मधात तोंड घालता येत नाही.

मी, राजू पुंजाजी भोयर, वय सव्वीस, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम, हल्ली मुक्काम गांधीधाम, गुजरात, शिक्षण सातवी नापास, दारू न पिता आणि कोणाच्या शिकवणीत न येता, डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र करतो. याआधी असा कागद केलेला नाही. केला असं कोणी म्हटलं तर तो खोटा समजावा.

कारण असं. इथं तेलाच्या मोठ्या टाक्या धुवायचं मशीन आलं. रिमोटवर चालते. आमच्यातले निम्मे लोक घरी गेले. पण ते मशीन तळाच्या गाळात फसते, मग ते काढायला माणूस उतरवतात. उद्या माझी पाळी आहे. आत वास असा की माणूस खाली बसला तर उठत नाही. मुकादम मुन्नानं सही घेतली की काही झालं तर माझं मी पाहीन. त्यानं त्याचा कागद केला, मी माझा करतो.

तू वाशिमच्या रोजगार मेळाव्यातून मले तिथल्या पडद्याचा फोटो पाठवला होता, कोणते धंदे टिकतील ते. त्यात टाकीत उतरणारा नव्हता. लिहून घे. जिथं मशीनपेक्षा माणूस स्वस्त, तो धंदा टिकते. हा धंदा मी कोणाच्या नावानं करत नाही.

कलम एक. बाबांनी हयातीत वाटणी केली. शेत गणेशकडे, दुकान माझ्याकडे. ते मोटार वायंडिंगचं दुकान, पत्रे, पाटी आणि जागेच्या करारासकट, मी बहीण वैभवी हिला देतो. उद्या तिचं लग्न झालं तरी तिचंच. मले एका जागी बसवत नाही, हे गावाले माहीत आहे. जिले बसवते तिले दिलं.

कलम दोन. कॉइल मशीन, करंट गळते का ते पाहायचा मेगर, वार्निशचं भांडं, तार दाबून बसवायच्या बाबांच्या बांबूच्या चिपा, सगळं वैभवीला. गणेशनं हात लावू नये. का, ते लिहिणं भाग आहे. दुकान सांभाळणारी वैभवी आजारी असताना इंद्रभानकाकाची बोअरची मोटार आली. जुनी तार कापायच्या आधी तिचे फेरे मोजतात. यानं आधी तार कापली, भंगारात टाकली आणि मग फोनला विचारलं. फोननं कंपनीचे फेरे सांगितले. ती मोटार आपल्याच दुकानात दोनदा भरलेली, बाबांनी आपल्याकडच्या कमी व्होल्टेजप्रमाणे फेरे बदललेले. बोअरमध्ये सोडली आणि पुन्हा जळाली. काका दुकानात येऊन म्हणाले, "गणेश, आता तुया फोनच सोड बोअरमंदी. पाह्य पाणी देते का." सगळा बाजार हसला. तेव्हापासून याच्या मते धंदा संपला.

कलम तीन. सोलरचं भूत. सोलर पंप आले की मोटार जळणार नाही, हे तुले कोणी सांगितलं? मी वैभवीले विचारलं. ती म्हणे, "राजूदादा, वरून सूर्य असो का लाइट, आतमंदी तारच हाये ना. दोन सोलरवाले जळाली मोटार घेऊन येऊन गेले माह्याकडं." वरची कंट्रोलरची पेटी बिघडली तर कंपनीचा माणूस लागते, मान्य. पण त्याची वाट पाहत हरभरा थांबत नाही. दुकान चालेल का बुडेल, मले माहीत नाही. ते तिनं ठरवावं. तू कुलूप लावून ठरवू नको.

कलम चार. मी टाकीत राहिलो तर मुन्नाकडून जे निघेल ते आई रंगूबाईला. तो आधी नाही म्हणेल. माझ्यासोबत कामाला असलेला हेमसिंग त्याच्या दारात बसेल, तसं कबूल केलं आहे. मले इथंच जाळा. गावाले न्यायचा खर्च करून भाऊ मोठा होऊ नये.

कलम पाच. माझा फोन गणेशला. मी मेल्यावर काय करायचं ते त्या फोनलेच विचार.

हा कागद इथला माझा सोबती प्रसेनजित सुटीवर गावी जाताना वैभवीच्या हातात देईल. गणेशच्या नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, खाली सही केली.

सही: राजू पुंजाजी भोयर

आमच्यासमोर सही केली, तेव्हा तो शुद्धीत होता आणि रागात होता:
१. हेमसिंग राठोड, मानोरा
२. प्रसेनजित माणिकराव इंगोले, शेलूबाजार

ठिकाण: गांधीधाम. दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

वैभवी, टाकीत उतरायचे म्हणून मुन्नानं जे जास्तीचे दिले, ते आजच तुझ्या खात्यावर टाकले. चार हजार रुपये.