पहिलीच्या जुन्या पुस्तकांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, पहिलीच्या वर्गाची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात दुसरे कोणी राहतही नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलास मिळावी. तो घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे.

२. शिलाई मशीन शेजारच्या इस्त्रीवालीस द्यावे. आजारपणात तिनेच माझे सगळे केले. सूनबाईंना फोन उचलायला फुरसत नव्हती.

३. कपाटातील वाचनाची जुनी पुस्तके. नवी रंगीत पुस्तके आली तेव्हा मुख्याध्यापकांनी ही रद्दीत घातली. "बाई, आता मुलं यांना हात लावणार नाहीत," म्हणाले. मी ती रद्दीवाल्याकडून परत आणली. एका पानावर एकच अक्षर, खाली दोन-तीन शब्द, बाकी कोरी जागा. मुलाची नजर भटकायला वावच नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला ती भिंतीवर टांगायला हवी आहेत. त्याला एकही देऊ नये. माझ्या मुलाने पैशाच्या मोहात पडू नये.

४. ही सर्व पुस्तके माझ्या नातीस द्यावीत. तिसरीत असताना ती सुट्टीला आली, तेव्हा लक्षात आले की ती चित्र पाहून अंदाजाने बोलते. चित्रावर हात ठेवला की गप्प. मुलाला सांगितले, तर म्हणाला, "आई, शाळेत चांगले मार्क आहेत तिला. तुझं आपलं काहीतरीच."

मी पुस्तक काढले. आधी ती खूप रडली. मग एका दुपारी बोट ठेवून तिने "नळ बंद कर" एवढे वाचले, उठली, आणि स्वयंपाकघरातला वाहता नळ बंद करून आली. जन्मभर शिकवले, पण असे कधी पाहिले नव्हते.

सूनबाई न्यायला आल्या. "तिसरीतल्या मुलीला पहिलीचं पुस्तक? मैत्रिणी हसतील तिला." पुढच्या सुट्टीत तेच पान नातीला वाचता आले नाही. नंतर ती यायचीच बंद झाली.

आता ती कॉलेजात आहे. मी लिहून पाठवले की उत्तर येत नाही. विचारले, तर म्हणाली, "आजी, तू बोलूनच पाठव ना. मला ते बरं पडतं."

ती ही पुस्तके उघडेल अशी आशा नाही. तिच्या मुलांसाठी ठेवावीत असे लिहिणार होते, पण त्यांना शिकवणार कोण? तरीही दुसऱ्या कोणाला देववत नाहीत.

५. अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. ते माझेच विद्यार्थी, याच पुस्तकांवर वाचायला शिकले. चौथे कलम त्यांनी नातीला बाजूला घेऊन मोठ्याने वाचून दाखवावे. सगळ्यांसमोर कागद तिच्या हाती देऊ नये.

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ जून
सही: (शिक्षिका)

साक्षीदार, माझ्यासमोर सही करून:
१. घरी येऊन तपासणारे डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी