तळघराचं कुलूप

३ नोव्हेंबर
पुन्हा रडतेय! भांडी घासताना रडते, कांदा चिरताना रडते — कांद्याचं मी समजू शकते. ऑरिका, माझी नातसून. पाचवा महिना. नवरा, म्हणजे माझा नातू सावा, इटलीत विटा रचतोय आणि ही इथे माझ्या गळ्यात. म्हणते, आजी, झोप येत नाही. म्हटलं, पोटुशी बाईला झोप कशाला यायला हवी? सहा पोरं झाली मला, मी कुठे झोपले?

विहिरीवर जायचंही सोडलंय. पाणी तुम्हीच आणा म्हणते. या वयात बादल्या मी ओढायच्या! महाराणी.

५ नोव्हेंबर
अनिसिया येऊन गेली. बाळाची धर्ममाता होणार, बाप्तिस्म्याला तीच हातात धरणार, म्हणून आत्तापासून घरात मालकिणीसारखी फिरते. ऑरिकाचा चेहरा बघून म्हणाली, रक्त नाही अंगात. तांबडी वाइन दे, रोज एक पेला. गावच्या नर्सचंही तेच. पाद्रीबाबांचंही तेच. वाइन शुद्ध आहे ना हे बघायला बाबांनी स्वतः तीन पेले रिचवले. त्यांचंही रक्त कमी असावं.

जाताना कुंपणाबाहेर फेओदोरा दिसली, व्होडका पिऊन झिंगलेली. अनिसिया तिच्या दिशेने थुंकली. म्हणे, पोटात पोर असतानाही ढोसायची ही दारुडी. अनिसियाच्या स्वतःच्या तोंडाला माझ्याच वाइनचा वास. पण वाइन ही काय दारू आहे? वाइन म्हणजे जेवण.

६ नोव्हेंबर
पेला दिला. गाढ झोपली. चला, झालं रक्त.

१७ नोव्हेंबर
रक्त झालं असेल, रडणं गेलेलं नाही. केस विंचरत नाही. सावाचा फोन आला की म्हणते मजेत आहे, आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसते. अनिसिया म्हणाली, दृष्ट लागली. मग पाण्यात तीन निखारे टाकले. तिन्ही बुडाले — म्हणजे जबरदस्त दृष्ट. ते पाणी पाजलं, मनगटाला लाल दोरा बांधला. वरून वाइन, निखाऱ्याची चव जावी म्हणून.

२८ नोव्हेंबर
लोणच्याची कोबी आणायला तळघरात उतरले. सहज पिंपावर बोटं वाजवली. पोकळ. जवळजवळ तळापर्यंत पोकळ! बारशाची वाइन ती! उंदीर तर पीत नाहीत.

ऑरिकाला काही बोलले नाही. तळघराला कुलूप ठोकलं, किल्ली चोळीत.

२९ नोव्हेंबर
सकाळी तिच्या हातात चमचा टिकेना. कपाळावर घाम, बाहेर बर्फ पडतंय तरी. म्हणाली, एकच पेला द्या, पाया पडते. दिला. हात थांबले.

हे रक्त कमी असल्याचं लक्षण नाही. चौथीपर्यंतच शिकलेय, पण एवढं कळतं.

३० नोव्हेंबर
तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण पोरसवदा, नखं कापलेली, बरी वाटली. विचारलं, दारू घेता का? ऑरिकाच्या आधी मीच बोलले — देवाशपथ, आमच्या घरात दारूचा थेंब नाही. फक्त वाइन.

तिने पेन खाली ठेवलं. किती? म्हटलं, एक पेला. ऑरिका खाली बघत म्हणाली, सुरई. कधी दोन.

माझा पारा चढला. डॉक्टरणीला सांगितलं, लाडावलीय हो, साधी विहिरीवरसुद्धा जात नाही. तेव्हा ऑरिका बोलली. रडली नाही, तेच वाईट. "विहिरीत वाकलं की परत वर बघावंसं वाटत नाही, आजी. म्हणून जात नाही. प्यायले की विहीर आठवत नाही."

 

डॉक्टरणीने तिथल्या तिथे ठेवून घेतलं. म्हणाली, घरी एकदम पिणं तोडलं असतं तर दोघांच्या जिवावर बेतलं असतं. हा मनाचा आजार आहे, पोटुशींना होतो, त्यावर औषध आहे. बाळाचं काय, विचारलं. म्हणाली, नुकसान किती झालं ते आज सांगता येणार नाही, पण इथून पुढे न पिता जाईल तो प्रत्येक दिवस बाळाचा.

दृष्टीचं काही विचारलं नाही तिने. मीही सांगितलं नाही.

४ डिसेंबर
गावात ऑरिकाला मूतखडा झालाय. अनिसियानेच ठरवलं तसं. वेड्या पोरीच्या बाळाची धर्ममाता व्हायला तिला लाज वाटते, मूतखड्याची वाटत नाही. वर म्हणते, वाइनने कधी कुणी आजारी पडतं का गं? शहरातल्यांना जमिनीचं काय कळतं!

म्हटलं, अनिसिया, जीभ आवर, नाहीतर लाल दोरा तिला बांधीन.

मग सावाला फोन लावला. मूतखडा सांगितला नाही. विहीर सांगितली.  म्हणाला, आजी, मी येतोय.

१३ डिसेंबर
पिंपाचं बूच काढलं. उरली होती ती सगळी अंगणात. बर्फ लाल. बदकं धावत आली आणि आता कुंपणावर आपटताहेत, एक तर चुलीपुढे येऊन आडवंच झालंय. पाद्रीबाबा वाटेवरून जाताना थबकले, टोपी काढली. माझा नवरा गेला तेव्हाही एवढे हळहळले नव्हते.

विचारलं, बारशाला काय पाजणार? म्हटलं, पाणी. बाप्तिस्म्याला बाळालाही तुम्ही त्यातच बुडवता ना?

१५ डिसेंबर
उद्या ऑरिका घरी येते. घरात कुलूप एकच. तळघराचं काढलं आणि विहिरीच्या झाकणाला लावलं. तळघर सताड उघडं — आत बटाटे.