कादंबरीतल्या वस्तूंची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा वजनकाटे दुरुस्तीचा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखलाही दिला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. लाजेपोटी लिहितो आहे, पण लाजेला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकीलबाईंनी सांगितले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. यात काही वाद नाही. वाद घरातल्या सामानाचा आहे, कारण ते आता नुसते सामान राहिलेले नाही. माझी पत्नी कादंबरीकार आहे. तिच्या पहिल्याच कादंबरीत एक नवरा आहे. त्याला नाव नाही, पण त्याच्या घरात जे जे आहे ते सगळे माझ्या घरात आहे. ती कादंबरी कॉलेजात शिकवतात. माझी साखरेची बरणी परीक्षेत पाच गुणांना येते.

२. दुकान आणि हत्यारे पुतणीला. धंदा आता तीच बघते. घरातला पितळी काटा मात्र तिला नाही. पत्नीने बाजारातून आणलेली भाजी मी रोज त्यावर तोलून बघत असे. मला भाजीवाल्याचा काटा तपासायचा असे, दुसरे काही नाही. कादंबरीतली बायको मात्र रिकामी पिशवी हातात धरून उभी राहते, आणि तिला वाटते, तोलले जातेय ते आपल्यालाच. एका प्राध्यापकांनी लिहिले की काटा हे संशयाचे प्रतीक आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, संशय भाजीवाल्यावर होता! मग आठवले, भाजीवाल्याला मी जन्मात एक शब्द बोललो नाही. जे बोललो ते घरात बोललो : "पुन्हा कमी आणलंस." काटा भंगारात द्यावा. कोणी स्मारक-बिमारक करतो म्हणाला, तरी देऊ नये.

३. बरणी मुलीला. मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण मी लावत असे, आणि माझ्या हाताला जोर फार. पत्नीला ते उघडत नसे. मी घरी येईपर्यंत ती बिनसाखरेचा चहा पीत असे. हे मला छापून आल्यावर कळले. प्राध्यापक या झाकणाला काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, मुलगी वाचेल. मग मी झाकण गुपचूप सैल ठेवू लागलो, तर बरणीभर मुंग्या झाल्या. पत्नी म्हणाली, "झाकण कोणी असं ठेवलं?" मी म्हणालो, "मला काय माहीत?" कादंबरी मी वाचलेलीच नाही, असे आजवर घरात दाखवत आलो, मग दुसरे सांगणार तरी काय? मुलीने बरणीत हवे ते ठेवावे आणि झाकण स्वतः लावावे.

४. काळी छत्री धाकट्या भावाला. सगळे जेवायला बसलेले असताना याने कादंबरीतले छत्रीचे पान मोठ्याने वाचून दाखवले. नवरा छत्री धरून पुढे चाललेला, बायको मागे भिजत. वर मला विचारतो, "दादा, हा तू नाहीस ना रे?" सगळे हसले. मीही हसलो. पत्नी ताटाकडे बघत राहिली. माझ्या त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. भावाने छत्री वापरावी, आणि चालताना अधूनमधून मागे वळून बघावे.

५. खिडकीची खोली पत्नीला. वकीलबाई म्हणाल्या, "घर दिलंत त्यात खोली आलीच की." म्हटले, आली नाही, वेगळी लिहू द्या. कादंबरीत या खोलीला कुलूप आहे. माझ्या खोलीला कुलूप कधीच नव्हते. एवढे एक तरी तिने खोटे लिहिले, म्हणून मी मनातल्या मनात खूश होतो. खोलीत माझे टेबल आणि त्यावर मोडके काटे. "इथे कोणी हात लावायचा नाही," एवढेच मी म्हणालो होतो. ती अख्खी कादंबरी तिने स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहिली, कुकरच्या शिट्ट्या मोजत. कुलूप म्हणजे काय, हे कॉलेजच्या मुलांना गाइडात वाचावे लागते. मला लागायला नको होते.

इथवर लिहिले आणि पत्नी चहा घेऊन आली. वकीलबाईंनी तिला सांगितले, "तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. ज्याला मिळायचंय त्याने साक्षीची सही करायची नसते. वाचायला मात्र हरकत नाही." तिने उभ्यानेच सगळे वाचले. बस म्हणायचेही मला सुचले नाही.

"म्हणजे वाचली होतीत तुम्ही."

"हो."

"कधी?"

"आली तेव्हाच."

तिने पाचव्या कलमावर बोट ठेवले आणि म्हणाली, "आणि ही खोली मिळायला मी तुमच्या मरणाची वाट बघत बसायची का हो?"

यावर वकीलबाईंकडेही कलम नव्हते. साक्षीला आलेले डॉक्टर चहात बघू लागले.

सबब, कलम ५ रद्द. सदर खोली मी माझ्या हयातीत, साक्षीदारांदेखत, टेबल आणि खिडकीसह पत्नीच्या ताब्यात दिली आहे. मोडके काटे साक्षीदारांनीच उचलून बाहेर ठेवले. बाकी कलमांची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही : (केली)

साक्षीदार :
१. दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही)

दिनांक : बारा फेब्रुवारी

स्थळ : राहते घर. खोलीत पत्नी बसली आहे. शेवटचा मजकूर मी ओट्यावर, उभ्याने लिहिला, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. चालवून घ्यावे.