बटणांचं बारसं

लालबाग,
रविवार

ती. शामकाका आणि (तुम्हाला हे वाचून दाखवणारी) ती. नलूकाकू, दोघांनाही अक्षदाचा वाकून नमस्कार.

काका, तब्येत कशी आहे? काकूचा खोकला गेला का? (काकू, याचं उत्तर तू स्वतः दे, काका ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात.) इकडे सगळे मजेत. आईने तुमच्यासाठी कोकमाची सोलं बांधून ठेवलीत. फोन सोडून पत्र का, असं विचाराल. तर फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणून फोन कट करता. पत्र कट करता येत नाही, आणि काकूच्या हातात असल्यावर तर नाहीच.

आभार कशाचे ते सांगायला आधी माझं काम सांगावं लागेल. दादरच्या दवाखान्याचं नंबर लावायचं अ‍ॅप आमच्या ऑफिसने केलंय, हे तुम्हाला माहीत आहे. बाबांनी तुमच्या अख्ख्या गिरगावात सांगितलंय. ते लिहिलंय जावास्क्रिप्टमध्ये. (काकू, अडखळू नकोस, ती प्रोग्राम लिहायची भाषा आहे, पुन्हा येणार नाही.) अ‍ॅप कुठे बिघडलं तर पेशंटच्या आधी आम्हाला कळावं म्हणून आम्ही आणखी छोटे प्रोग्राम लिहितो, त्यांना टेस्ट म्हणतात. तुम्ही शाळेत पोरांना गणिताचा ताळा करायला लावायचात ना, तसंच. आमच्या टेस्ट जुन्या पद्धतीच्या होत्या. त्या अ‍ॅपचं पोट उघडून आत डोकावायच्या. आत तारीख बसली? बसली. मग सगळं छान, हिरवी खूण! पण ज्या साधनावर त्या चालायच्या ते म्हातारं झालं आणि अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीशी त्याचं पटेना. मग राजेशसरांनी (माझे साहेब, माणूस वाईट नाही, घाईत असतो) मला बोलावून सांगितलं, ‘‘अक्षदा, सगळ्या टेस्ट नव्या पद्धतीत आण. नुसतं कॉपी-पेस्ट आहे.’’ माझी नोकरी तेव्हा कच्ची, पक्की करायची की नाही ते यावरच ठरणार होतं. मी ‘‘हो सर’’ म्हटलं.

नवी पद्धत पोट उघडतच नाही. ती पेशंटसारखी बाहेर उभी राहते आणि विचारते, ‘तारीख निवडा’ नावाचं बटण कुठे आहे? सापडलं तर दाबते, नाही तर लाल. माझ्या टेस्ट एकामागून एक लाल. बटण माझ्या डोळ्यांसमोर आहे, त्यावर कॅलेंडरचं गोड चित्र आहे, आणि ही बया म्हणते असं बटणच नाही! मी त्याला ‘तारीख’ म्हणून हाक मारून पाहिली, ‘कॅलेंडर’ म्हणून पाहिली, शेवटी इंग्रजीत मारली. मग भांडले, मोठ्याने, भर ऑफिसात. शेजारी बसणाऱ्या बुद्धभूषणने कानातले इअरफोन काढले आणि म्हणाला, ‘‘अगं, त्याचं नाव ठेवलंय का कुणी? मग हाक कशाला मारतेस?’’ मला वाटलं टोमणा मारतोय. (ते खरंखुरं तांत्रिक उत्तर होतं. त्याची माफी मी नंतर आईच्या कोथिंबीर वड्या देऊन मागितली.) तेवढ्यात राजेशसर आले, लालेलाल पडदा पाहिला आणि म्हणाले, ‘‘फेल होतायत त्या काढून टाक. शुक्रवारी द्यायचंय.’’ आणि काका, मी काढणार होते. निवडूनही ठेवल्या होत्या. तोच तुमचा फोन आला.

तुम्ही म्हणालात, ‘‘अक्षू, तुझं अ‍ॅप चांगलं असेल हो, पण माझ्याशी नीट बोलत नाही. फोन नुसता म्हणतो, बटण, बटण, बटण. कसलं बटण ते सांगेना. डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर लावायला गेलो, लागला बायकांच्या डॉक्टरचा. तिथे ‘शामराव’ म्हणून पुकारलं. नलू म्हणते, सगळ्या बायका वळून बघत होत्या.’’ (काकू, हस हवं तेवढं.)

काचबिंदूने तुमची नजर नेल्यापासून बोटाखाली येईल ते फोन तुम्हाला वाचून दाखवतो, हे मला काय माहीत नव्हतं? मीच तर ते चालू करून दिलं होतं. पण टेस्ट जे बोंबलून सांगत होती तेच तुम्ही सांगताय, हे तेव्हा डोक्यात शिरलं. बटणांना चित्रं होती, नावं नव्हती. चित्र तुम्हालाही दिसत नाही, टेस्टलाही नाही. आणि आमच्या जुन्या टेस्ट सगळ्या हिरव्यागार असताना तुम्ही बायकांच्या रांगेत बसला होतात.

मी उठले, राजेशसरांच्या फोनवर तो बोलणारा आवाज चालू केला आणि म्हटलं, ‘‘सर, डोळे मिटून नंबर लावून दाखवा.’’ बटण, बटण, बटण. सरांनी बराच वेळ खटपट केली. मग डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, ‘‘शुक्रवार पुढे ढकलतो.’’ पुढे मी आणि बुद्धभूषणने बसून एकेका बटणाचं बारसं केलं. टेस्ट हिरव्या झाल्या, एकही काढावी लागली नाही. माझी नोकरीही पक्की झाली.

काका, तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर चिडून अ‍ॅपच काढून टाकलं असतं. तुम्ही न रागावता मला नीट सांगितलंत. आणि परवा तुम्ही म्हणालात, ‘‘लागला गं नंबर. मीच लावला, नलूला हाक मारावी लागली नाही,’’ तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडून आले. (काकू, इथे जरा थांब आणि काकांच्या तोंडाकडे बघून मला कळव.)

तुमची आणि तुमच्या फोनची, दोघांचीही ऋणी,
अक्षदा

ता. क. काका, आता खरं काम. बारसं करताना जिथे नाव सुचेना तिथे मी मनात येईल ते तात्पुरतं ठेवलं. पडद्यावर ती नावं दिसत नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. टेस्टलाही मी तीच सांगून ठेवली होती, म्हणून तीही खूश. त्यातली बरीच बदलली, सगळी बदलली याची खात्री नाही. येत्या बुधवारी राजेशसर दवाखान्याच्या डॉक्टरांना आवाज चालू करून अ‍ॅप दाखवणार आहेत. त्याआधी सगळीकडे एकदा बोट फिरवाल का? फोन ‘बघू नंतर’ किंवा ‘डोकं फिरलंय’ म्हणाला तर घाबरू नका, फक्त मला कळवा.

ता. ता. क. मात्र ‘राजेशसर’ म्हणाला, तर ते बटण अजिबात दाबू नका. ते दाबलं की लावलेले सगळे नंबर रद्द होतात.