जावयाला विचारायचं नाही

चि. जावईबापू यांस सासूचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तुमची प्रकृती उत्तम असणार, छोट्या ठकीचा खोकला गेला असणार, आणि ऑफिसच्या नादात तुम्ही दुपारचे जेवण चुकवत नसणार, असे मी धरून चालले आहे. (कसे आहात, गेला का, असे नेहमीसारखे विचारले नाही म्हणून राग मानू नये. मला सध्या प्रश्न विचारायची बंदी आहे. कारण खाली येईल.)

गेल्या काही दिवसांत आपल्या घरी आलेल्या वस्तू अशा: प्लायवूड, मापाने कापून, किंमत अडीच महिन्यांचे दूध. भंगारातला जुना मॉनिटर, चार दिवसांचे दूध (भंगारवाला आठवड्याचे मागत होता). दांड्या दोन आणि लाल-निळी बटणे, मिळून महिन्याचे दूध. साबणाच्या वडीएवढा एक संगणक, त्याचे दूध मी मांडले नाही, गाय आली असती. आणि पेनड्राइव्हवर भरलेले खेळ, फुकट. फुकट म्हटल्यावर मी दुकानदाराला दोनदा विचारून घेतले की हे चोरीचे तर नाहीत. ज्यांनी बनवले त्यांनीच वाटायला मोकळे केले आहेत असे त्याने डोक्यावर हात ठेवून सांगितले, तेव्हा पेनड्राइव्ह घरात घेतला.

तर सांगायचे असे, की तुमच्या सासऱ्यांनी गेमचे मशिन बांधायला काढले आहे. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात उंच कपाटासारखी असत, नाणे टाकायचे आणि दांडी हलवायची, तसले. सुतारकाम त्यांना येते हे तुम्हांला माहीत आहे, आपल्या घरात हलणारी खुर्ची शोधून सापडायची नाही. पण हे प्रकरण त्यांनी लेकीच्या रुखवतासारखे केले. कडा घासल्या, कोपरे गोल केले, आतून रंग दिला (आतून, जिथे झुरळाशिवाय कोणी जाणार नाही). पुढच्या खोलीत उभे केले, आत दिवा लावून बघितला, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू आल्या. त्यांना वाटले आम्ही नवा देव्हारा केला. चपला काढून, पदर सावरून त्यांनी नमस्कार केला. हे कानापर्यंत लाल झाले. मी त्यांना थांबवले नाही, नमस्कार कुठूनही केला तरी पोचतो.

लाकडापर्यंत सगळे सुरळीत झाले. मग आला प्रोग्राम. त्याला इम्युलेटर म्हणतात. मी त्याला सोंगाड्या म्हणते, कारण त्याचे काम इतकेच, की हा साबणाच्या वडीएवढा संगणक म्हणजेच ते जुने थोरले मशिन आहे असे सोंग आणायचे आणि खेळांना फसवायचे. (खेळ बिचारे फसतात म्हणे.) ह्यांनी पुस्तिका वाचून सोंगाड्याला आत बसवला. दांडी डावीकडे केली की डावीकडेच जाते हे त्याला शिकवायला एक अख्खी दुपार गेली, कारण त्याला ती वर जाते असे वाटत होते. मग खेळांची पाळी आली.

आता तुमच्या सासऱ्यांचा स्वभाव. सारी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती वस्तू ह्यांच्या लेखी अनाथ. निवृत्त झाल्यापासून आमच्या डब्यांवर 'मीठ, बारीक', 'मीठ, जाड' आहेच, शिवाय मी पूजेला बसते तिथल्या दिव्याच्या बटणाखाली 'देव' अशी चिठ्ठी आहे. अशा माणसाने पेनड्राइव्ह उघडला, तर आत शेकडो खेळ आणि त्यांची नावे अशी, की जणू कोणी शिंकताना टाइप केली होती. हे म्हणाले, "असला स्टोअरकीपर माझ्या हाताखाली असता तर दुपारच्या आत घरी पाठवला असता." आणि बसले दुरुस्त करायला. 'विमान, एकट्याने', 'विमान, जोडीने', 'मोटारशर्यत, पावसातली', 'उंदीर, घाबरट'. सगळा माल शुद्ध मराठीत लावून झाला. मग मोठ्या समाधानाने बटण दाबले, तर सोंगाड्या म्हणतो, फाइल सापडत नाही.

ह्यांनी उघडून दाखवली, ही बघ. तो म्हणतो, सापडत नाही. स्टोअरात माल आहे, जागेवर आहे, वर चिठ्ठी आहे, आणि समोरचा नाही म्हणतो. बापू, एवढा अपमान ह्यांचा युनियनच्या लोकांनीसुद्धा केला नव्हता.

मी सहज म्हटले, जावईबापूंना विचारू या, त्यांचा तर हा रोजचा व्यवहार. तर म्हणाले, "पाहुण्यांना विचारायचं नाही. मी नाही आणि तूही नाही. शपथ आहे माझी." ह्यांची शपथ मी कधी मोडलेली नाही. सकाळी देवापुढे बसून नीट विचार केला, तेव्हा लक्षात आले की शपथ विचारायची नाही अशी आहे, सांगायचे नाही अशी नाही. फोनवर माणूस विचारल्यावाचून दोन वाक्ये बोलू शकत नाही, म्हणून हे पत्र. यात एकही प्रश्नचिन्ह नाही, मी पेन्सिल घेऊन तपासले आहे.

आता जे लिहिते ते मनाला लावून घेऊ नये. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा ह्यांनी विचारले होते की तुमचे काम नेमके काय असते. तुम्ही हसून म्हणालात, "ते सांगून समजण्यासारखं नाही, बाबा." आणि भात मागितलात. तुमच्या मनात काही नव्हते, मी वाढत होते, मी तुमचा चेहरा पाहिला. पण ह्यांनी त्या दिवसापासून तुम्हांला 'पाहुणे' केले. तुमच्याशी बोलायला ह्यांच्याजवळ एकच विषय उरला, हवा. तुम्हीही बिचारे 'उकाडा आहे' म्हणता आणि पेपर उघडता. दोन चांगली माणसे माझ्या पुढच्या खोलीत बसून पावसाची वाट बघतात.

मात्र मागच्या खेपेला तुम्ही ठकीला लहानपणीचे सांगत होतात. गेमच्या दुकानात दुसऱ्यांच्या पाठीमागे उभे राहून नुसते बघायचात, आणि मालक म्हणायचा, "नाणं नाही तर हवा येऊ दे." त्या वेळी हे पेपर वाचत होते. तुम्ही गेलात, आणि प्लायवूड आले. कोणासाठी ते ह्यांनी सांगितलेले नाही. पण दांड्यांची उंची ना माझ्या मापाची आहे, ना ह्यांच्या. स्वयंपाकघराच्या चौकटीला तुमचे डोके दर वेळी लागते, तिथे तेलकट डाग पडला आहे. त्या डागापासून खाली टेप लावून हे हिशेब करताना मी पाहिले आहे.

आणि आता ते मशिन चादरीखाली उभे आहे. हे त्याच्याकडे बघत नाहीत. काल म्हणाले, यात आडव्या फळ्या मारल्या की चपलांचे कपाट होईल. चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली आहे, 'चपला'. चिकटवायची तेवढी राहिली आहे.

मी काही विचारत नाही. नुसते कळवले. ठकीला आजीने पोटाशी धरल्याचे सांगावे.

तुमच्या सासूबाई

ता. क. मशिन चालते. हे केस कापायला गेले होते तेव्हा मी करून पाहिले. कुठल्याही वस्तूचे मूळ वेष्टन मी टाकत नाही, तसा दुकानदाराचा कागद डब्यात होता. त्यात लिहिले होते की खेळांची नावे बदलू नयेत, सोंगाड्या त्यांना जुन्याच नावाने ओळखतो. पेनड्राइव्ह तर मी खेळ उतरवून होताच कागदासकट डब्यात ठेवला होता (ह्यांनी नावे बदलली ती संगणकात उतरवून घेतलेल्या खेळांची). तो लावला आणि विमान निघाले. पडद्यावर 'नाणे टाका' आले, मी फटीतून नाणे टाकले, ते आत खडखडत गेले आणि काही झाले नाही. मग सगळी बटणे दाबली, तर एका बटणाने नाणे पडल्याचा आवाज आला. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही म्हणतात, ते खोटे निघाले. माणशी तीन जन्म देतात. माझे तिन्ही भाजी चिरून होण्याआधी संपले.

ता. क. दुसरा. मी सगळे होते तसे करून ठेवले आहे आणि ह्यांना सांगितलेले नाही. सांगितले, तर मशिन चालू होईल, तुम्ही याल, 'वा, छान' म्हणाल, आणि संध्याकाळी पुन्हा उकाडा. पेनड्राइव्ह मी देणार नाही. 'उंदीर, घाबरट' म्हणजे कोणता ते फक्त ह्यांना माहीत आहे, आणि त्याचे खरे नाव काय असते ते शोधायचे तुम्हांला. एकाने सांगायचे, दुसऱ्याने टाइप करायचे. माल पुष्कळ आहे, दोन-तीन दिवस सहज जातील. तेवढे मला हवे आहेत. घाई करू नये, मधे एकदा तरी चुकावे. (हे विचारणे नव्हे, सासूची आज्ञा आहे. आज्ञेला बंदी नाही.)

ता. क. शेवटचा. त्याआधी ह्यांना पत्र लिहावे. या पत्राचा उल्लेख नको. खोटे लिहू नये, नुसता उल्लेख करू नये. सकाळी ऑफिसात गेल्यापासून तुम्ही काय काय काम करता ते चांगले दोन पाने, आणि खाली येण्याचा दिवस. पाकिटावर ह्यांचे पूर्ण नाव घालावे. हल्ली ह्यांच्या नावाने बिलेच येतात. तुमचे पाकीट आले की हे आधी अक्षर बघतील, मग चष्मा शोधतील, मग मला हाक मारून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतील, आणि जिथे कळणार नाही तिथे थांबून मलाच समजावून सांगतील. उलट टपाली लिहावे. शाई गडद असावी, फिकट अक्षर त्यांना आता दिसत नाही, आणि ते तसे सांगणार नाहीत.