फोनचा स्टँड काढला आहे

माणसानं संसारासाठी आयुष्यात एकदा तरी मोठं पाऊल उचलावं. मी काल गाडीच्या ऑटोमॅटिक एसीचं अख्खं युनिट बदलून आणलं.

नव्यात डावीकडची हवा तुझी, उजवीकडची माझी. दोन महिने तू शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसतेस आणि सिग्नलवर लोक मला तुझा ड्रायव्हर समजतात. ते थांबावं, एवढंच मनात होतं.

पण नवं युनिटही तसंच गारठवायला लागलं. मग गॅरेजवाल्यानं डॅशबोर्डवरचा माझा फोनचा स्टँड उपटला. खाली बारीक जाळी निघाली. आत किती उकडतंय, ते गाडी म्हणे त्या जाळीतून ओळखते. माझा फोन तापला की गाडीला वाटायचं, आतली माणसंच तापलीत.

"साहेब, ही जाळी झाकू नये, हे कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. तूच, स्टँड चिकटवला त्याच दिवशी. त्यावर मी "तुला गाडीतलं काय कळतं?" म्हणालो, तेही तुझ्या भावासमोर. गॅरेजवाल्याला यातलं काही बोललो नाही. तुला सांगतोय.

दमलोय. आज बसनं जातो. किल्ली इथेच फ्रिजवर आहे. संध्याकाळी मला न्यायला आलीस, तर गाडी तूच चालव, मी मागे बसेन. शाल मागेच राहू दे.

जुनं युनिट चांगलं होतं.